विहारात मांडलेला पूर्वपक्ष

सरांनी निबंधाचे विषय वाटले तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाला आधी विचारलं, "तुम्हाला काय घ्यावंसं वाटतं?" माझी पाळी आली तेव्हा विचारलं नाही. म्हणाले, "तुम्ही बौद्ध दर्शन घ्या. सोपं जाईल. तुमचं घरचंच आहे."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बीएच्या शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञान स्पेशल घेतलेले आम्ही अगदी थोडे होतो. प्रत्येकाने एक निबंध लिहायचा, वर्गासमोर वाचायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची, अशी पद्धत होती. सर वाईट मनाचे नव्हते. माझी फी भरायची राहिली की ते ऑफिसात शब्द टाकत. त्या दिवशीही त्यांनी माझं भलंच पाहिलं असणार. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील शाळेत संस्कृत शिकवत होते, तिने जर्मन तत्त्वज्ञ मागितला आणि तिला तो मिळाला. तुमच्या घरी वेदान्त आहे, तोच घ्या, असं तिला कुणी म्हणालं नाही.

मी उभी राहिले. माझा आवाज अशा वेळी फार बारीक होतो. म्हटलं, "सर, मला तो ग्रीकांचा विषय पाहिजे. त्यांचं निसर्गाबद्दलचं तत्त्वज्ञान चर्चच्या लोकांनी कसं घेतलं, तुम्ही शिकवलं होतं तो."

मागून कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान? अहो, त्याला लॅटिन लागतं."

"लॅटिन वर्गात कुणालाच येत नाही, सर."

मला उद्धटपणा करायचा नव्हता. जे खरं होतं ते तोंडातून गेलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाले, "ठीक आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कच्चा मसुदा आणून दाखवा. जमला नाही तर बौद्ध दर्शन. मग तक्रार नको."

मला तोच विषय का हवा होता, हे मी त्या दिवशी सांगू शकले नसते. आज प्रयत्न करते. आमच्या घराने छप्पन्न सालानंतर धर्म बदलला, देव्हारा गेला. मी जन्मले तेव्हा घरात देव नव्हताच. देव मानणार नाही, हे मी बोलायला शिकले त्याच वयात म्हणायला शिकले. त्याचा मला अभिमान आहे. पण कॉलेजात आल्यावर लक्षात आलं की देव मानणारे शहाणे लोक तो का मानतात, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. उत्तर पाठ होतं आणि प्रश्न ऐकलेला नव्हता. जे नाकारायचं ते आधी नीट समजून घ्यावं असं मला वाटायला लागलं. आणि सरांनीच एकदा वर्गात ग्रीकांची ती गोष्ट सांगितली होती.

ती अशी. ख्रिस्ताच्या कितीतरी आधी ग्रीक लोकांनी विचारायला सुरुवात केली की जग कशाचं बनलंय, वस्तू का हलतात, तारे फिरतात ते कशाने. देवादिकांच्या कथा बाजूला ठेवून विचारलं. त्यांच्यातला एक तर माशांची पिल्लं, कोंबडीचं अंडं आणि आकाश सगळं सारख्याच बारकाईने बघणारा. तो म्हणाला, जे हलतं त्याला दुसरं काहीतरी हलवतं. असं मागे मागे जात राहिलं तर शेवटी असं काहीतरी मानावं लागतं जे स्वतः हलत नाही पण बाकी सगळं हलवतं. हा ग्रीक ख्रिस्ती नव्हता, असणं शक्यच नव्हतं. त्याचे ग्रंथ युरोपातून जवळजवळ नाहीसे झाले, मुसलमान पंडितांनी अरबीत सांभाळले, त्यांच्यावर भाष्यं लिहिली. मग ते लॅटिनमध्ये आले आणि पॅरिसच्या विद्यापीठात पोचले. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम काढला, याचे निसर्गावरचे ग्रंथ शिकवायचे नाहीत, हा आपला नव्हे. शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी ते वाचलेच. एका माणसाचं आयुष्य पुरं व्हायच्या आत तेच ग्रंथ त्याच विद्यापीठात सक्तीचे झाले.

हे ऐकल्यावर मी घरी सायकलवरून परत येताना कसबा बावड्याचं वळण चुकून पुढे गेले होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर फार काही नव्हतं. शहरात एका जुन्या चर्चच्या आवारात वाचनाची एक खोली होती, तिथे इंग्रजी पुस्तकं आहेत असं ग्रंथपालांनी सांगितलं. मी भीत भीत गेले. पाळकसाहेब लुंगीवर झाडांना पाणी घालत होते. मी विषय सांगितल्यावर त्यांनी पाइप खाली टाकला.

"कोण पाठवलं तुला?"

"कुणी न्हाय. कॉलेजचा निबंध हाय."

"अगं पोरी, ती जुनी संतमंडळी आमच्यातली न्हवंत. ती रोमवाल्यांची, कॅथलिकांची. आम्ही त्यांना मानत न्हाय." मग म्हणाले, "पण पुस्तक हाय. धूळ झाडून घे आणि वाच की. इथंच बसून वाच, न्यायचं न्हाय."

म्हणजे सर म्हणत होते हे तुमचं नव्हे, आणि ज्यांचं असेल असं मला वाटलं होतं तेही म्हणत होते हे आमचं नव्हे. मला हसू आलं. मी डिक्शनरी घेऊन दर शनिवारी तिथे बसायला लागले. इंग्रजी वाक्य एवढं लांब असायचं की शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. पण हळूहळू उलगडत गेलं.

मला सगळ्यात जास्त आवडली त्या लोकांची लिहायची रीत. तेराव्या शतकातला एक इटालियन साधू प्रत्येक प्रश्न घेतो आणि सगळ्यात आधी आपल्या विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडतो, अगदी जोरात. देव आहे का, या प्रश्नाखाली त्याने आधी देव नाही म्हणणाऱ्यांचे मुद्दे लिहिले आहेत. मग स्वतःचं उत्तर, मग त्या एकेका मुद्द्याला जबाब. हे मी वाचलं आणि टेबलावर हात मारला. आपल्याकडच्या जुन्या वादात हेच असतं की. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, ते त्याने स्वतः मांडलं असतं तितक्याच ताकदीने. नंतर उत्तरपक्ष. भिक्षूंनी, ब्राह्मण पंडितांनी, जैनांनी एकमेकांशी शतकानुशतकं असंच भांडण केलं. मी ठरवलं, माझा निबंध याच क्रमाने लिहायचा.

आमच्या गल्लीत एक रिवाज आहे. कुणाचं पोरगं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचलं की त्याने एका पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय शिकतोय ते सांगायचं. विहार लोकांनी वर्गणीतून, रविवारी स्वतः विटा वाहून बांधला आहे, त्यामुळे तिथे हिशोब मागायचा सगळ्यांना हक्क. माझ्या आधी कुणी खतांवर बोललं होतं, कुणी वीजमोटारीवर. मुलगी कुणी बोलली नव्हती. कमिटीचे प्रमुख गुरुजी, म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, घरी आले. आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने सोबती. दोघांनी मिळून विहाराच्या जागेसाठी हेलपाटे घातलेले.

"काय बोलणार हैस?"

"देव हाय हे सिद्ध करायचा लोकांनी कसा प्रयत्न केला, ते."

"आणि त्यो कसा फसला. व्हय न्हवं?"

"व्हय, ते बी सांगतो की." आमच्याकडे घरात मुलीही 'सांगतो', 'जातो' असंच बोलतात.

गुरुजी खूश झाले. "झ्याक. बोल मग."

अश्विन पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे खिरीचं पातेलं. वंदना झाली आणि मला उभं केलं. मी कागद हातात धरला होता पण त्याकडे बघायचं धाडस झालं नाही, बघितलं असतं तर लोकांकडे परत बघता आलं नसतं. म्हणून तोंडीच सुरू केलं.

म्हटलं, हंगामात कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जातात. मागची ट्रॉली कशाने हलते? पुढच्या ट्रॉलीने. ती कशाने? तिच्या पुढच्या ट्रॅक्टरने. आता ट्रॅक्टर काढून घ्या आणि त्याच्या जागी आणखी ट्रॉल्या जोडा, कागलपर्यंत जोडा. हलतील?

"न्हाय हलायच्या," पुढच्या ओळीतून दोघेतिघे म्हणाले.

"आणि ट्रॅक्टरला डिझेल कोण घालतं?" आमच्या शेजारची आक्का मागून ओरडली. सगळे हसले.

मी पण हसले आणि मग भीती गेली. म्हटलं, आक्का, बरोबर. डिझेलला बी कोणतरी लागतंय. म्हणूनच त्यो ग्रीक माणूस म्हणतो, शेवटी असं काहीतरी पायजे ज्याला कुणी हलवायला लागत नाही. आता जे स्वतः हलत नाही ते दुसऱ्याला हलवेल कसं? तर कुस्तीच्या मैदानात चांदीची गदा ठेवलेली असते. ती जागची हलत नाही. ती कुणाला ढकलत नाही. पण तिच्यासाठी गावोगावचे पैलवान उठून येतात, घाम गाळतात. तिच्या ओढीने. तसं हे सगळं आकाश, ग्रह, तारे, त्या एकाच्या ओढीने फिरत्यात, असं त्याचं म्हणणं. आणि पुढे चर्चच्या लोकांनी हे ग्रंथ वाचले. परक्याचे म्हणून बंदी असताना वाचले. आणि ते म्हणाले, ज्याला हा ग्रीक स्वतः न हलता हलवणारा म्हणतो, त्यालाच आम्ही...

विहारात इतकी शांतता होती की मला माझंच नवल वाटलं. लोक पुढे वाकून ऐकत होते.

"...त्यालाच आम्ही देव म्हणतो. म्हणून देव आहे."

आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला. नगरसेवक आले. विहाराला लाउडस्पीकरचा संच देणार होते म्हणून सगळी सभा उभी राहिली. हार झाला, भाषण झालं, नव्या स्पीकरवर 'हॅलो हॅलो' झालं, मग खीर वाटली. मी कागद धरून कडेला उभी होते. उत्तरपक्ष माझ्या हातातच राहिला.

मला वाटलं, उरलेलं पुढच्या वेळी सांगू. गल्लीने मात्र जेवढं ऐकलं तेवढंच धरलं. सकाळी नळावर आक्काने विचारलं, "काय गं, तू किरिस्ताव झालीस म्हणं?"

"कोण म्हणलं?"

"शनवारी शनवारी चर्चमधी जातीस. आणि काल विहारात हुभी राहून देव सिद्ध केलास. मी बघितलं की, माझी नणंद तर गदेचं ऐकून रडाय लागली हुती."

"आक्का, ते अर्धंच हुतं. पुढं उत्तर हुतं."

"असंल बाई. पण अर्धं लई चांगलं सांगितलंस."

पुढचे काही दिवस मी सायकल घेऊन निघाले की कट्ट्यावरून आवाज यायचा, "सिस्टर, प्रार्थना करा आमच्यासाठी!" ते मी सहन केलं. पण गुरुजी आबांना भेटायला आले, तेव्हा मी दाराआडून ऐकत होते आणि माझे कान तापले. गुरुजी म्हणत होते, लोक नाराज आहेत, विहारात असं कधी झालं नव्हतं, रविवारी वंदनेनंतर पोरीने उभं राहून दिलगिरी सांगावी, विषय मिटवावा.

आबा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला होते. दिवसभर भट्टीपुढे उभे राहून आल्यावर त्यांना वाद नको असायचा. गुरुजी गेल्यावर म्हणाले, "दोन शब्द म्हण आणि संपव."

"कशाबद्दल, आबा?"

"कशाबद्दल काय? झालं ते झालं म्हणायचं. आणि ते सर बुद्धाचा विषय देत्यात न्हवं? त्योच घे की. सरबी खूश, गुरुजीबी खूश. तुझं काय जातंय?"

मी रडणार होते, पण रडले असते तर त्यांनी माझं म्हणणं ऐकून न घेता मला जवळ घेतलं असतं. म्हणून उभ्याउभ्या सांगितलं. "आबा, कॉलेजात म्हणत्यात, तुझ्या घरचं तेवढंच वाच. गल्लीत बी म्हणत्यात, आपलं तेवढंच वाच. दोघांचं एकच झालं की. मग मी कॉलेजात कशाला गेलो? घरचं घरात बसून कळलं असतं."

आबा सदरा काढून खुंटीला अडकवायला लागले.

"मी खोटं काय बोललो? त्यांचं म्हणणं हाय तसं सांगितलं. ते वाकडं करून सांगितलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं. आपल्याबद्दल लोकांनी आजवर तेच केलंय. आपलं म्हणणं वाकडं करून सांगितलं आणि मग त्याला हसलेत. ते मी करणार न्हाय. दिलगिरी बी सांगणार न्हाय. उरलेलं अर्धं सांगतो म्हणावं."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दोघंबी जेवून घ्या." आबांनी माझा निरोप गुरुजींना पोचवला.

रविवारी वंदनेनंतर गुरुजींनी मला खुणावलं. मी पुढे गेले. "सुरुवातीला चुकलं म्हण, मग बोल काय बोलायचं ते," ते हळू आवाजात म्हणाले. पण नवा माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

मी माइक थोडा खाली केला. म्हटलं, "गुरुजी, चुकलं न्हाय. राहिलं हुतं."

गलका झाला. दोघेतिघे तरणे उठले, चप्पल शोधायला लागले. एकजण म्हणाला, "आता काय बायबल वाचणार काय?" तेवढ्यात मागच्या भिंतीपासून आबांचा आवाज आला. ते सभेत कधी बोलत नाहीत.

"खाली बसा रे. मागल्या टायमाला तिचं बोलणं मधीच कोण सोडलं? जीप आली म्हणून तुम्हीच उठलासा. तिचं बोलून व्हईस्तोवर आज कुणी उठायचं न्हाय."

ते बसले. मी बोलले.

आधी आक्काच्या डिझेलबद्दल बोलले. म्हटलं, मग ट्रॅक्टरला, म्हणजे देवाला, कोण हलवतं, असं विचारून आपण हसलो, पण त्या लोकांनी त्याचं उत्तर आधीच दिलंय, तो हलतच नाही असं ते म्हणतात. आपण त्यांना खोडायचं तर जिथे ते खरोखर उभे आहेत तिथे खोडू. मग सांगितलं की ग्रीकाला वाटत होतं, हलत राहायला सारखं कुणीतरी ढकलायला लागतं. पुढच्या काळात कळलं की तसं नाही. हलणारी वस्तू अडवली नाही तर हलतच राहते. त्याचं आकाश, एकात एक बसवलेले गोल, ते सगळं गेलं. चर्चने आपल्या देवाखाली ज्या निसर्गशास्त्राचा पाया घातला होता तोच पुढे खचला. मग सांगितलं की ग्रीकाचा तो न हलणारा कुणाची प्रार्थना ऐकत नाही, त्याने जग निर्माणही केलेलं नाही, त्याच्या मते जग कायमचंच आहे. चर्चचा देव तर जग निर्माण करतो आणि प्रत्येकाचं ऐकतो. दोन वेगळी कापडं एकत्र शिवली, आणि टाके दिसतात. आणि शेवटी आपल्याकडचा, बौद्ध ग्रंथांतला, जुना दाखला दिला. मोळ्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. सगळ्यांना धरणारी पहिली मोळी कुठली? कुठलीच नाही. हे आहे म्हणून ते आहे. पहिला ट्रॅक्टर लागतोच, हे कुणी ठरवलं?

टाळ्या पडल्या. गुरुजी पुढे सरकले, चेहरा उजळलेला. माइकवर म्हणाले, "म्हंजे देव न्हाय, हे सिद्ध झालं!"

मी हो म्हणायला हवं होतं. तिथेच सगळं मिटलं असतं. पण त्या इटालियन साधूबद्दल वाचलेलं एक आठवत होतं. जगाला सुरुवात आहे असं त्याचा धर्म सांगत होता आणि त्याची श्रद्धाही तीच होती. तरी त्याने लिहिलं की हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही. त्याच्या भोवती सगळे चर्चचेच लोक असताना लिहिलं. तो मेल्यावर थोड्याच वर्षांत पॅरिसच्या बिशपाने बंदी घातलेल्या मतांत त्याचीही काही मतं धरली गेली.

"न्हाय गुरुजी," मी म्हटलं. "हा पुरावा पुरा पडत न्हाय, एवढंच झालं. त्याच्या पुढचं मला अजून येत न्हाय."

पुन्हा गलका. कुणी म्हणालं, शिकून डोकं फिरलंय. गुरुजींनी माइक बंद केला आणि माझ्याकडे न बघता चटया गोळा करायला लागले. त्यांनी मला आजपर्यंत क्षमा केलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. रस्त्यात भेटले की आम्ही दोघंही मान हलवतो.

घरी परतताना आबा वाटेत थांबले. मग म्हणाले, "मला त्यातलं लई काय कळलं न्हाय. पण एक सांगू? त्यांचं लई भारी सांगितलंस. ट्रॉली काय, गदा काय. आपलं सांगताना नुसती मोळी. आपलं जरा कमी पडलं."

मला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. समोरच्याला न्याय द्यायच्या नादात मी स्वतःची बाजू घाईत उरकली होती. सुट्टीभर मी तोच भाग पुन्हा लिहिला. कॉलेजच्या ग्रंथालयातून यावेळी बौद्ध न्यायाची, म्हणजे तर्कशास्त्राची, पुस्तकं आणली, आणि ग्रंथपाल म्हणाले, "आता कसं, लायनीवर आलात." मी पुस्तकं सायकलला बांधली.

सुट्टीनंतर मसुदा सरांपुढे ठेवला. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतला. बोलावलं तेव्हा त्यांच्या खोलीत मी उभीच राहिले. ते म्हणाले, "मला अपेक्षा नव्हती, खरं सांगतो. चांगलं लिहिलंय. विशेषतः शेवटचा भाग, तो बौद्ध प्रतिवाद. फारच छान. माझं ऐका, बाकीचं काढा आणि तेवढाच विस्तार करून निबंध करा. तुमचा सूर तिथे लागलाय."

पुन्हा तेच. आता ते कौतुकातून आलं होतं, म्हणून नकार द्यायला जास्त जड गेलं. ज्या माणसाने मला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली, त्यालाच मी नको म्हणत होते.

"नाही, सर," मी म्हटलं. "तो भाग शेवटीच येतो. आधी त्यांचं म्हणणं, पूर्ण. मग आमचं."

"पण त्यातला अर्धा निबंध तर तुम्हाला न पटणाऱ्या लोकांवर आहे."

"म्हणूनच, सर. त्यांना न्याय दिल्याशिवाय मला 'नाही' म्हणायचा हक्क नाही."

सर बराच वेळ कागद चाळत राहिले. म्हणाले, "मार्क देताना मी विषयाची पकड बघणार. लॅटिन नाही, ग्रीक नाही, सगळं इंग्रजीवरून. ते कमी पडणार."

"पडू दे, सर."

निबंध मी वर्गात वाचला, त्याच क्रमाने, काही न गाळता. ट्रॉल्या आणि गदा तशाच ठेवल्या. जर्मन तत्त्वज्ञवाल्या मुलीने चांगले प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मला आलं नाही आणि मी तसं सांगितलं. सगळ्यात शेवटी सरांनी विचारलं, "ग्रीकांचं झालं, अरबांचं झालं, चर्चचं झालं, बौद्धांचंही झालं. यातलं तुमचं कुठलं?"

"सगळं, सर," मी म्हटलं.

त्यांना ते उत्तर आवडलं नाही. मार्क बेताचे मिळाले. एमएला मी पुन्हा तोच विषय घेतला.